वंशावळीची साक्ष

सुगी आटोपून धान्य घरात आले की उत्तर कर्नाटकातील आणि महाराष्ट्राच्या सोलापूर-सांगलीकडील खेड्यांत हेळवी येतो. बैलावरून यावे, घंटा वाजवून आल्याची वर्दी द्यावी, ओळखीच्या घराच्या ओसरीवर बसावे आणि त्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवावीत, हा त्याचा परंपरागत व्यवसाय. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, त्यांतील कोण कोठे जाऊन राहिला, हे सारे त्याला मुखोद्गत असते. वहीही त्याच्यापाशी असते. मागील फेरीनंतर घरात जन्मलेल्या मुलाचे नाव तो तीत चढवतो, पायलीभर धान्य घेतो आणि पुढल्या दाराशी जातो. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा. चालता न येणारा मूळ पुरुष बैलावर बसून गावोगाव फिरला, अशी या समाजाची कथा सांगतात. ज्याचे पाय चालत नव्हते त्याच्या वंशाने इतरांच्या वंशांचा माग चालता ठेवला.

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील करजगी हे गाव अशाच मुलखातले. भीमेच्या खोऱ्यातील हा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि आज तो कर्नाटकाच्या सरहद्दीवर आहे. कानडी, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात कानावर पडतात. अशा मुलखात ‘तुम्ही कोणाचे कोण?’ हा प्रश्न परक्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारला जातो, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. सोयरीक जुळवायची, वाटणी करायची, शेताचा बांध ठरवायचा, तर या प्रश्नाचे उत्तर प्रथम मिळावे लागते.

याच प्रश्नावर गेल्या काही दशकांत इंग्रजी वाङ्मयात रहस्यकथांची एक वेगळी शाखा उभी राहिली आहे. तीत खुनाचा माग काढणारा नायक पोलीस अंमलदार नसतो. पिस्तूलही त्याच्याजवळ नसते. जुन्या नोंदवह्या, मृत्युपत्रे, जनगणनेची पत्रके आणि थडग्यांवरील अक्षरे वाचणारा तो वंशेतिहासाचा अभ्यासक असतो. खून आजचा, पण त्याचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या लग्नात, दत्तकविधानात अथवा लपविलेल्या जन्मात, अशी या कादंबऱ्यांची मांडणी असते. हा प्रकार करमणुकीचा खरा. परंतु वंशावळीने खुनी सापडतो की माणसाच्या वंशालाच खुनी ठरविले जाते, असा एक गंभीर प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. करजगीच्या परिसराला त्या प्रश्नाचा अनुभव कादंबरीतूनही आला आहे आणि इतिहासातूनही.

वंशावळ आणि गुन्हा यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. आपल्या भाषेत भाऊबंद म्हणजे नातलग. पण भाऊबंदकी म्हणजे तंटा. एका शब्दापासून दुसरा शब्द तयार होताना किती घरांत काय काय घडले असेल याची कल्पना करावी. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत. त्यामुळे थोरली शाखा कोणती, धाकटी कोणती, दत्तक खरा की खोटा, यांवर मान, उत्पन्न आणि कधी कधी जीवही अवलंबून असे. तंटा गोतसभेपुढे गेला म्हणजे वादी आणि प्रतिवादी आपापला ‘करीना’ लिहून देत. करीना म्हणजे घराण्याची आणि वतनाची साद्यंत हकीकत: मूळ पुरुषापासून आजवर कोणी काय मिळविले, कोणी कोणावर हल्ला केला, कोण मारला गेला, कोण परागंदा झाला. जेधे देशमुखांचा करीना इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. गोतसभा दोन्ही करीने ऐकून, साक्षी घेऊन महजर करीत असे. म्हणजे कुलवृत्तान्त हाच पुराव्याचा कागद होता, आणि तो पारखून घेण्याची रीतही ठरलेली होती.

इंग्रजी रहस्यकथेत या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग आर्थर कॉनन डॉइल यांनी ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कादंबरीत केला. ती १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः आली. तीतील अक्राळविक्राळ कुत्रा सर्वांच्या स्मरणात राहतो. पण रहस्य उलगडते ते कुत्र्यामुळे नव्हे. वाड्याच्या भिंतीवर पूर्वजांची चित्रे टांगलेली असतात. त्यांपैकी १६४७ सालच्या एका चित्रातील पुरुषाची रुंद टोपी आणि लांब कुरळे केस शेरलॉक होम्स आपल्या हाताने झाकतो, आणि उरलेल्या चेहऱ्यात शेजारी राहणाऱ्या एका सभ्य गृहस्थाचा चेहरा डोकावू लागतो. तो गृहस्थ बास्करव्हिल घराण्याचाच असून मधले दोघे दूर झाले की इस्टेट त्याला मिळणार असते. त्याचा बाप दक्षिण अमेरिकेत अविवाहित वारला, अशी घरात समजूत होती. ‘अविवाहित वारला’ हे दोन शब्द चुकीचे होते; साऱ्या कटाचा आधार तेवढाच होता.

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना मानू नये. आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नातेसंबंध सिद्ध करण्यासाठी कोणती जुनी विधाने ग्राह्य धरावीत हे सांगताना घराण्याची वंशावळ, थडग्यावरील लेख आणि कुटुंबातील व्यक्तिचित्र यांचा स्पष्ट उल्लेख होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्यातही हे तत्त्व कायम आहे. मात्र कायद्याने एक मार्मिक अट घातलेली आहे. ते विधान वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. भांडण सुरू झाल्यावर तयार केलेली वंशावळ ही वंशावळ राहत नाही, ती कैफियत होते. सुगीनंतर ओसरीवर निरपेक्षपणे नाव लिहून घेणाऱ्या हेळव्याच्या वहीचे मोल कशात आहे, हे या अटीवरून ध्यानात येते. नाव लिहिताना पुढे कोण कोणाशी भांडणार आहे, हे त्याला ठाऊक नसते.

अलीकडच्या कादंबऱ्यांकडे वळले असता या साधनाचा उपयोग अधिक शास्त्रशुद्ध झालेला दिसतो. डॅन वॅडेल यांची ‘द ब्लड डिटेक्टिव्ह’ ही कादंबरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये एका प्रेतावर काही अक्षरे आणि आकडे कोरलेले आढळतात. पोलिसांना त्यांचा अर्थ लागत नाही; नायजेल बार्न्स हा वंशेतिहासाचा अभ्यासक मात्र ओळखतो की जन्ममृत्यूच्या सरकारी सूचीतील नोंदीचा तो संदर्भ आहे. धागा १८७९ मधील खुनांपर्यंत आणि त्यांपायी झालेल्या एका अन्याय्य शिक्षेपर्यंत जातो. स्टीव्ह रॉबिन्सन यांचा जेफरसन टेट २०११ मध्ये ‘इन द ब्लड’ या कादंबरीतून वाचकांपुढे आला. नेथन डिलन गुडविन यांच्या ‘हायडिंग द पास्ट’ या २०१३ मधील कादंबरीत मॉर्टन फॅरियर या अभ्यासकाकडे एक माणूस आपल्या बापाचे मूळ शोधण्याचे काम सोपवितो आणि लगेच मेलेला आढळतो. बाप कोण, हे कळले म्हणजे खून कोणी केला हेही कळणार, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच उमगते.

या कादंबऱ्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटण्यासारखी आहे. टेट आणि फॅरियर हे दोन्ही नायक दत्तक गेलेले आहेत. जगाच्या वंशावळी लावणाऱ्या या माणसांना स्वतःचा जन्मदाता माहीत नाही. लेखकांनी ही योजना वाचकाची उत्सुकता ताणण्यासाठी केली असेल. पण तिच्यातून एक सत्य सूचित होते. ज्याने आपल्याला वाढविले तोही आपला पूर्वजच असतो, आणि माणसाचा स्वभाव केवळ रक्ताच्या रेषेवर उभा नसतो.

या अभ्यासकांची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. शोध नेहमी जिवंत माणसापासून मागे न्यायचा. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली येऊ नये, कारण वाटेत वाटेल तो माणूस त्याचा वंशज म्हणून चिकटविण्याचा मोह होतो. प्रत्येक नात्याला परस्परांशी संबंध नसलेल्या दोन नोंदींचा आधार शोधायचा. एकाच नावाच्या दोन माणसांपासून सावध राहायचे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे हा धोका दुप्पट. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेकींची नावे शोधायची. आपल्या बहुतेक वंशावळी पुरुषांच्या आहेत. मुलगी सासरी गेली की तिची रेषा कागदावर थांबते. संसारात मात्र ती थांबत नाही. दुसरेपणावर दिलेली मुलगी, विधवा होऊन परतलेली बहीण, कोणी बोलत नाही अशा स्त्रीचे मूल, यांच्यापाशीच पुष्कळ रहस्यांच्या किल्ल्या असतात. इंग्रजी कादंबऱ्यांतील अभ्यासक अनेकदा स्त्रियांच्या रेषेतूनच उत्तरापर्यंत पोचतो.

इंग्लंडमध्ये हे काम सोपे जाते याचे कारण तेथील दप्तर. १५३८ पासून प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम झाला आणि १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. मराठी मुलखात सर्वांसाठी अशी एक सलग परंपरा नाही. पण दप्तर नाही असे मात्र नव्हे. वसई आणि गोवा येथील चर्चच्या वह्यांत मुलाच्या आईबापांबरोबर धर्ममातापित्यांचीही नावे आढळतात, आणि त्यांवरून कोणते घर कोणत्या घराच्या जवळचे होते हे कळते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपल्या कुळाची नावे लिहून ठेवली आहेत. कोतवाल बुकात खेड्यांतील जन्ममृत्यू आहेत. वतनांचे कागद मोडीत आहेत. करजगीच्या परिसरातील एखाद्या घराण्याचा शोध घ्यावयाचा, तर हेळव्याची कानडी, जुन्या खतांची मोडी आणि निजामशाहीतील दप्तराची उर्दू, अशा तीन लिप्या ज्याला वाचता येतील तोच खरा शोधक ठरेल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला झुंजार आणि काळा पहाड दिले. वेषांतर, पाठलाग आणि धाडस यांत त्यांचे नायक वाकबगार होते. तीन लिप्या वाचून खून उकलणारा नायक मात्र मराठीत रुजला नाही, आणि त्याला लागणारी सामग्री आपल्या घरांतच पडून आहे.

गुन्ह्याच्या कथेला या मुलखाची ओळख मात्र फार जुनी आहे. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या चाकरीत शिरला. पुढे त्याने शोरापूर संस्थानाचा कारभार पाहिला आणि १८५३ पासून काही वर्षे नळदुर्ग जिल्हा सांभाळला. करजगीच्या एका बाजूला नळदुर्ग, दुसऱ्या बाजूला शोरापूर. म्हणजे टेलरची सारी उमेद याच टापूच्या अवतीभवती खर्च झाली. तरुणपणी त्याने पकडलेल्या ठगांच्या जबान्या स्वतः लिहून घेतल्या होत्या. त्या अनुभवावर त्याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. ती १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि इंग्रज वाचकांवर तिने मोहिनी घातली.

कादंबरीचा निवेदक अमीर अली हा ठगांचा नायक आहे. प्रवाशांशी गोड बोलून सोबत करायची आणि योग्य जागी रुमालाने गळा आवळायचा, हा त्याचा धंदा. तो आपल्या कृत्यांची हकीकत अभिमानाने सांगतो. पण हा माणूस ठगाच्या पोटी जन्मलेलाच नाही. तो एका सभ्य घरातील मूल. त्याच्या आईबापांना ठगांनी वाटेत मारले आणि त्या टोळीतल्याच एकाने त्याला मुलगा म्हणून वाढविले. वर्षांनुवर्षांनी त्याच्या हातून एक स्त्री मारली जाते. तिच्या गळ्यातील एका जुन्या नाण्यावरून त्याला अखेर कळते की ती त्याची सख्खी बहीण होती. सातशे खुनांची गणना निर्विकारपणे सांगणारा हा माणूस त्या एका नाण्यापुढे कोसळतो. कुलवृत्तान्ताने गुन्हा उजेडात आणण्याचा प्रसंग कादंबरीत याहून भेदक क्वचितच आला असेल. आणि त्याचा मथितार्थ पाहावा: अमीर अलीला ठग केले ते त्याच्या रक्ताने नव्हे, त्याच्या संगोपनाने. त्याचे खरे कूळ त्याला कळले असते, तर कदाचित तो ठग झालाही नसता.

त्याच सुमारास जबलपूरला विल्यम स्लीमन हा अंमलदार ठगांचा बंदोबस्त करीत होता. त्याची पद्धत ही खऱ्याखुऱ्या वंशेतिहास-संशोधनाची पद्धत होती. पकडलेल्या ठगांतून तो माफीचे साक्षीदार निवडी, त्यांना निरनिराळे बसवून त्यांच्या टोळ्यांची, नात्यागोत्यांची आणि खुनांची माहिती विचारी आणि एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाही. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा मेहुणा, कोणाच्या घरी कोणती मुलगी दिली, यांवरून त्याने ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी रचल्या. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रामसीयाना’ या त्याच्या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक भाषेच्या कोशाबरोबर या वंशावळीही आहेत. फरारी ठग नाव बदलून दूरच्या गावी राहिला, तरी त्याचे नाते त्याला उघडे पाडी. साक्षीदारांनी दाखविलेल्या जागी जमीन उकरली की प्रेते सापडत. वंशावळीच्या साह्याने खुनांचा छडा लावण्याचे एवढे मोठे काम त्यापूर्वी आपल्या देशात झाले नसेल.

परंतु याच यशातून अनर्थाचा उगम झाला. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधी काळी सामील असल्याचे सिद्ध झाले, तरी जन्मठेपेची सक्तमजुरी देता येऊ लागली. अमुक खून अमक्याने केला, हे दाखविण्याची गरज उरली नाही. खुनी शोधण्यासाठी काढलेली वंशावळ हळूहळू खुनी असण्याचा पुरावा मानली जाऊ लागली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, ही समजूत सरकारी दप्तरात शिरली आणि १८७१ मध्ये तिने ‘गुन्हेगार जमाती’ या कायद्याचे रूप घेतले. १९११ च्या कायद्याने तिचा विस्तार मुंबई इलाख्यापर्यंत झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींतील माणसांची नावे नोंदविली गेली, बोटांचे ठसे घेतले गेले आणि हजेरी लावली गेली. गुन्हा घडण्यापूर्वीच गुन्हेगार ठरलेला असे. सोलापुरास तारेच्या कुंपणात या लोकांची वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरकरांना अजूनही अपरिचित नाही. करजगीच्या माणसाला सोलापूर काही परमुलूख नव्हे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायदा गेला, तरी नावावरील डाग लगेच जात नाही. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोर म्हणून शिक्का बसलेल्या जमातीत जन्मलेल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे पोलिसांचा तपास कसा दिसतो, हे त्या पुस्तकात कळते. गावात चोरी झाली की पोलीस पुरावा शोधण्याआधी वस्ती शोधतात. तेथे वंशावळीची साक्ष कोणी मागितलेली नसते. तिचा निकालच लावून टाकलेला असतो. रहस्यकथेच्या वाचकाने ‘उचल्या’ अवश्य वाचावे. रहस्यकथेत शेवटी निर्दोष माणूस सुटतो. येथे निर्दोष मूल आरोपी म्हणूनच जन्माला येते.

आज या साधनाला विज्ञानाची जोड मिळाली आहे, आणि म्हणून हा विषय पुन्हा ताजा झाला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत खुनांची आणि बलात्कारांची एक भयंकर मालिका घडली. गुन्हेगाराचे रक्तद्रव्य, म्हणजे ज्याला आता सर्वजण डीएनए म्हणतात ते, पोलिसांनी जपून ठेवले होते. पण ते कोणाचे हे कळत नव्हते. आपले दूरचे नातलग शोधण्यासाठी हजारो लोक स्वखुशीने आपला डीएनए ‘जेडमॅच’ नावाच्या संग्रहात नोंदवीत असत. तपासकर्त्यांनी त्या संग्रहात गुन्हेगाराचे दूरचे चुलत भाऊबंद शोधले. तेथून एकोणिसाव्या शतकातील समान पूर्वजांपर्यंत मागे जाऊन ते पुन्हा खाली उतरले: प्रत्येक शाखा, प्रत्येक मुलगी, प्रत्येक नातू. बार्बरा रे-व्हेंटर या विदुषीने या कामी साह्य केले. शेवटी संशय जोसेफ जेम्स डीअँजेलो या माजी पोलिसावर स्थिरावला. एप्रिल २०१८ मध्ये त्याला अटक झाली, १३ खुनांची त्याने कबुली दिली आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याला आमरण कारावासाची शिक्षा झाली. अनेक दशके न्यायाची वाट पाहिलेल्या कुटुंबांना वंशावळीने न्याय मिळवून दिला, हे निःसंशय.

पण याच तपासाची दुसरी बाजू तितकीच बोधप्रद आहे. २०१७ मध्ये, अशाच एका जुळणीवरून, तपासाची सुई ऑरेगन राज्यातील शुश्रूषागृहात असलेल्या एका वृद्धाकडे वळली होती. त्याचा डीएनए तपासला तेव्हा तो गुन्हेगार नसल्याचे निष्पन्न झाले. त्या म्हाताऱ्याचा अपराध एवढाच, की एका खुन्याशी त्याची रेषा कोठेतरी जुळल्यासारखी दिसली. डीअँजेलोच्या बाबतीतही वंशावळीवर शिक्षा झाली नाही. पोलिसांनी त्याच्या मोटारीच्या दाराच्या मुठीवरून आणि त्याने टाकून दिलेल्या कागदी रुमालावरून त्याचा स्वतःचा नमुना मिळविला आणि तो गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या नमुन्याशी जुळला. वंशावळीने दार दाखविले. आत कोण आहे हे दुसऱ्याच पुराव्याने सिद्ध केले. ‘द ब्लड डिटेक्टिव्ह’ वाचतानाही हेच ध्यानात येते. तेथे अभ्यासक खुनी शोधण्यासाठी नोंदी चाळतो, आणि खुनी पणजोबांच्या अपराधाचा सूड पणतवंडांवर उगवण्यासाठी. दोघांच्या हातांत तोच कागद असतो. फरक कागदात नाही, वाचणाऱ्यात आहे.

म्हणून या कादंबऱ्या वाचताना एक भेद मनात पक्का ठेवावा. कोण कोणाचा, हे वंशावळ सांगते. कोण कसा, हे ती सांगत नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारावेच लागतात. ही नोंद कोणी केली? वाद उपस्थित होण्यापूर्वी केली की नंतर? तीत लेकी आहेत की केवळ मुलगे? ‘अविवाहित वारला’ असे लिहिले आहे, ते कोणी पाहिले होते? एवढे प्रश्न विचारून जे उत्तर उरते, तेच न्यायासनापुढे न्यावे. आणि तेथेही ते एका माणसाविरुद्ध न्यावे, त्याच्या कुळाविरुद्ध नव्हे.

आपल्या लोकांनी हा विवेक फार पूर्वी एका कथेत सांगून ठेवला आहे. वाटमारी करणाऱ्या वाल्या कोळ्याला नारदाने विचारले, ज्यांच्यासाठी तू ही पापे करतोस ते या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्याने घरी जाऊन बायकोला, मुलांना विचारले. कोणीही कबूल झाले नाही. कथा ऐकताना आपण त्या बायकामुलांना कृतघ्न समजतो. पण न्यायाच्या दृष्टीने त्यांचे उत्तर बरोबर होते. पापाला वारस नसतो. तसा तो मानला असता, तर वाल्याचा वाल्मीकी होण्याचा मार्गही बंद झाला असता.

सुगीनंतर ओसरीवर बसलेला हेळवी सर्वांचीच नावे सारख्या आवाजात म्हणतो. शूराचे, भित्र्याचे, दानशूराचे आणि क्वचित फासावर गेलेल्याचेही. ऐकणारे लेकरू मांडी घालून बसलेले असते. त्याच्या नावापुढे अजून काही लिहिलेले नसते, आणि हेळवीही तेथे केवळ त्याचे नाव घालतो.